पांढरीतलं लेकरू

इतिहासाच्या पुस्तकात माणूस फार भराभर शहाणा होतो. पहिल्या परिच्छेदात तो दगड फोडत असतो, दुसऱ्यात शेती करायला लागतो, तिसऱ्यात मडकी घडवतो आणि पान उलटेपर्यंत त्याची नगरं वसून, गटारं बांधून झालेली असतात. मी हे बरीच वर्षं परंडा तालुक्यातल्या एका शाळेत शिकवते आहे आणि शिकवताना माझा मलाच राग येतो. अहो, एक घर बांधायचं तर आमचं अर्धं आयुष्य जातं, आणि इथं अख्खी संस्कृती दोन तासिकांत उरकायची! पण अभ्यासक्रम पुरा करायचा असतो. म्हणून मीही पळते, मुलंही पळतात आणि बिचारा आदिमानवही आमच्या मागं पळतो.

माझं माहेर मुरूम. तिकडं बोलता बोलता कानडी शब्द येतात, त्यामुळं लग्न होऊन सीनेकाठच्या या गावात आले तेव्हा माझी बरीच टिंगल झाली. सासूला मी आत्याबाई म्हणते आणि सासऱ्यांना मामा म्हणायची. आत्याबाई शेळ्या राखतात, मामा होते तोवर तेही राखायचे. नवरा शेती बघतो आणि पगार माझा. जनावरं पाळणारा माणूस, शेती करणारा माणूस आणि महिन्याला पगार घेणारा माणूस असे पुस्तकातले तीन धडे आमच्या घरी एकाच चुलीवर जेवतात, असं मी वर्गात सांगते. मुलं हसतात. नवऱ्याला मात्र हा विनोद आवडत नाही, कारण पगाराचा धडा सगळ्यात शेवटी येतो.

आमच्याकडं रानाला काळी म्हणतात आणि वस्तीला पांढर. गावाच्या खालच्या अंगाला नदीच्या वळणावर एक टेकाड आहे. तिथं कुणी राहत नाही, कुणाचा पणजोबाही तिथं राहिल्याचं कुणी सांगत नाही, तरी त्याला पांढरच म्हणतात. माती राखेसारखी मऊ आणि फिकी. उकरली की खापरं निघतात, हाडं निघतात, शंखाच्या बांगडीचा तुकडा निघतो. माणसं पिढ्यान्‌पिढ्या राहून, चुली पेटवून, शेण सारवून, उष्टं-खरकटं टाकून गेल्याशिवाय माती अशी होत नाही. गावाला हे पुस्तकावाचून ठाऊक आहे. माळवदावर टाकायला ती मातीच हवी, पाणी गळत नाही म्हणतात. रानातही टाकतात, पीक जोमदार येतं. थोडक्यात, तीन हजार वर्षांपूर्वीच्या माणसांचा उकिरडा आमच्या तुरीला अजून पुरतो आहे.

आता जे सांगायला बसले ते सांगते.

माझं पहिलं लेकरू गेलं. मुलगा होता. बारसंही झालं नव्हतं, त्यामुळं त्याला नाव नाही. मी दवाखान्यात तापानं फणफणलेली, नवरा माझ्या उशाशी, आणि मामा आले ते त्याला आपल्या धोतराच्या फडक्यात गुंडाळून गावी घेऊन गेले. एवढ्या लहान जिवाला आमच्याकडं अग्नी देत नाहीत, पुरतात. गावात अशी लेकरं नदीकाठी नेतात, वळणाच्या पलीकडं बाभळी होत्या तिथं. आणि जागा आईला दाखवायची नाही, आईनं विचारायची नाही, असा नियम आहे. नियम कुणी केला ते ठाऊक नाही. वर्गात मी असल्या नियमांवर तावातावानं बोलते. स्वतःवर वेळ आली तेव्हा मुकाट पाळला.

पुढं मुलगी झाली. ती आता शाळेत जाते आणि माझ्यापेक्षा जास्त बोलते. मामा वारले, आणि ते गेले त्या दिवशी मला वाटलं, नेमकी जागा ठाऊक असलेला माणूसही गेला. नवऱ्याला विचारण्यात अर्थ नव्हता, तो माझ्याजवळच होता. तरी नदीकाठ तर होता. पलीकडच्या गावातल्या माझ्या शाळेत जाताना स्कूटीवरून पूल ओलांडायचे तेव्हा मी डावीकडं बाभळींकडं बघायची. एवढीच आमची भेट. कुणाला कळायचं नाही आणि माझं काम भागायचं.

मग परवाच्या पावसाळ्याच्या अखेरीला सीना अशी चढली की म्हाताऱ्यांनीही तसं पाणी पाहिलं नव्हतं. खालची आळी आमच्या गावातल्या शाळेत येऊन राहिली. आम्ही वरच्या अंगाला, म्हणून घर वाचलं. दिवस उजाडला तेव्हा मी त्या शाळेच्या गच्चीवर उभी होते. वळणावर नुसतं तांबडं पाणी आणि त्यात एकेक बाभूळ कलंडत होती, मुळासकट. बघता बघता काठ राहिलाच नाही. मी तिथंच खाली बसले आणि ओक्साबोक्शी रडले. नवरा धावत आला, पाठीवर हात ठेवून म्हणाला, "तूर गेली तर जाऊ दे गं. आपण हाव ना." मी मान हलवली. माझं तुरीवर किती प्रेम आहे हे त्या दिवशी गावाला कळलं.

पुढचे दिवस वाईट गेले. ज्यांची घरं पडली, जनावरं वाहून गेली, त्यांच्यासमोर आपलं दुःख काढायची लाज वाटायची. ते दुःख तर जुनंच होतं. पण आधी बघायला एक जागा होती आणि आता पूल ओलांडताना बघायलाच काही उरलं नव्हतं. मी मान सरळ ठेवून जायला शिकले. घरी कारणाशिवाय चिडायची. मुलीला पाठीत धपाटा दिला आणि मग तिच्याआधी मीच रडले. आत्याबाई बघायच्या, बोलायच्या नाहीत.

पाणी ओसरल्यावर नवरा आणि शेजारपाजारचे दोघं-चौघं ट्रॅक्टर घेऊन पांढरीवर गेले. रानाची वरची माती खरवडून गेली होती, तिथं पांढरीची माती आणून टाकायची होती. पुरानं टेकाडाची एक कड कापून नेली होती, माती उघडीच पडलेली. रविवार होता. थोड्या वेळानं नवऱ्याचा फोन आला. आवाज दबका.

"अगं, ये लवकर. आन कुणाला बोलू नगं. हंडा निघालाय."

कुणाला बोलू नको म्हणाला, पण मी पोचले तर निम्मं गाव तिथं. आत्याबाईही शेळ्यांना पाला आणायला म्हणून निघाल्या होत्या, त्या गर्दी बघून आल्या. कापलेल्या कडेत, माझ्या कमरेएवढ्या उंचीवर, मातीची दोन मडकी आडवी, तोंडाला तोंड लावून. भोवती सारवलेल्या जमिनीचा पट्टा स्पष्ट दिसत होता आणि त्यावर राख. म्हणजे कुणाचं तरी घर होतं ते, आणि मडकी त्याच्या जमिनीखाली होती.

शेजारचे तात्या पुढं उभे होते. गुप्तधन या विषयात तात्यांचा अधिकार मोठा आहे, फक्त ते त्यांना आजवर सापडलेलं नाही. ते सांगत होते, "मडक्याला मडकं लावलंय म्हंजी आत माल हाय. जुनी लोकं अशीच ठिवायची. आता नारळ फोडल्याबिगर हात लावायचा न्हाय. राखणदार असतोय." कुणीतरी नारळ आणायला पळालंही होतं. नवरा हातात पहार घेऊन उभा, आणि त्याच्या तोंडावर असा आनंद की आमचं सगळं दारिद्र्य आता पाच मिनिटांत फिटणार.

मी ती मडकी ओळखली. पाहिली कधीच नव्हती, पण गोदावरीच्या, भीमेच्या खोऱ्यात अशी सापडल्याचं कॉलेजात शिकले होते, चित्रंही काढली होती परीक्षेसाठी. तेव्हा त्यावर पाच मार्क मिळाले असतील. आता मी गर्दीतून वाट काढत पुढं गेले.

"पहार खाली ठेवा," मी म्हणाले.

"का गं?"

"त्यात सोनं नाही. लेकरू आहे."

सगळे एकदम मागं सरले. तात्या तर तत्काळ दोन बायांच्या मागं गेले. मग तिथूनच त्यांनी विचारलं, "कुणाचं?"

आणि मागून कुणीतरी म्हणालं, "पोलिसाला फोन लावा आधी, न्हायतर आपल्याच अंगावर येतंय." मला हसूही आलं आणि रडूही. म्हटलं, पोलीस कुणाला धरणार? तीन हजार वर्षं होऊन गेली असतील. तेव्हा लहान मूल गेलं की ते असं दोन मडक्यांत ठेवायचे आणि घराच्या जमिनीत पुरायचे.

"घरात?" तात्या म्हणाले. "घरात कशापायी? नदी हुती की हितंच."

हा प्रश्न मला वर्गातही येतो. तिथं मी सांगते, त्यांच्या मनात काय होतं ते नक्की कुणालाच ठाऊक नाही, वेगवेगळे तर्क आहेत. पण त्या दिवशी मी वर्गात नव्हते. माझा तोल सुटला. मी जवळजवळ ओरडलेच, "नदीला दिलेलं नदी नेते, तात्या! घराशी ठेवलेलं राहतं. त्या बाईला तेवढं कळत होतं. आपल्याला कळत नाही."

माझा आवाज असा का झाला, हे नवऱ्याला तेव्हा उमगलं असावं, कारण त्यानं पहार हळूच मातीवर ठेवली. आत्याबाई माझ्याकडं टक लावून बघत होत्या. मग त्या पुढं आल्या, मडक्यांकडं वाकून पाहिलं आणि त्यांनी सगळ्यांना मिळून दटावलं, "बगत काय ऱ्हायलाव? झाका त्येला. ऊन लागतंय."

ट्रॅक्टरवरची ताडपत्री आणून झाकलं. आणलेला नारळ तिथंच बाजूला ठेवला, फोडायची कुणाची इच्छा झाली नाही. तालुक्याला कळवलं. यथावकाश जाणकार माणसं आली, ब्रशनं माती झाडत झाडत त्यांनी मडकी मोकळी केली. आत बोटाएवढी हाडं होती आणि एक अगदी लहान वाटी. कसलीशी पेज किंवा दूध दिलं असेल वाटेला. त्यातल्या एक बाई मला म्हणाल्या, तुमच्यामुळं फुटलं नाही. मला त्याचं काही वाटलं नाही. मला त्या लेकराच्या आईचा हेवा वाटत होता. तिला लिहिता येत नव्हतं, लोखंड ठाऊक नव्हतं, तिच्या लोकांचं नावही कुणाला माहीत नाही. पण ती रोज चूल पेटवायची तेव्हा तिला ठाऊक असायचं, आपलं लेकरू कुठं आहे. मी बी.एड. आणि मला ते ठाऊक नाही.

घरी मात्र भलतंच सुरू झालं. पांढरीवरून आल्यापासून आत्याबाई गप्प. त्यांनी धड भाकरी खाल्ली नाही. मी समोर आले की त्या उठून जायच्या. मला वाटलं, चारचौघांत ओरडले त्याचा राग आला असेल. सून नोकरी करते तोवर ठीक, पण सुनेनं तात्यांवर आवाज चढवायचा म्हणजे फारच. म्हटलं, मामला मिटवून टाकावा. मडकी नेली त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी त्या अंगणात भिजलेली ज्वारी पत्र्यावर पसरत होत्या, तिथं जाऊन मीही बसले.

मी तोंड उघडायच्या आत त्यांनीच विचारलं, खाली बघत, "कुणी सांगितलं गं तुला?"

"काय?"

"तुज्या मामांनी सांगितलं व्हय? जायाच्या आदी? मला म्हनले हुते, मेलो तरी बोलनार न्हाय."

"आत्याबाई, काय सांगितलं? कशाबद्दल बोलताय?"

त्यांनी हातातली ज्वारी सोडली. "तू पांढरीवर माझ्याकडं बगूनच बोललीस की. नदीला दिलेलं नदी नेती, घराशी ठिवलेलं ऱ्हातंय. म्या म्हनलं, हिला कळलं. आता ही मला जाब इचारनार."

मी त्यांच्याकडं बघून बोललेच नव्हते. मला तेव्हा कुणीच दिसत नव्हतं. आता त्यांना थांबता येईना.

"नदीला न्हेलंच न्हाय त्येला. मामा निगाले हुते फडकं घिऊन. पुसाचं दिस. लई गार वारं सुटलं हुतं. म्या वाटंत आडवी झाली. म्हनलं, येवढुसं लेकरू, आईचं दूद बी प्याला न्हाय नीट, त्येला त्या थंडीत नदीला टाकून येताव व्हय? तिथं कुत्री हिंडत्यात. मामा म्हनले, मग काय डोक्यावर घिऊन बसतीस? म्या म्हनलं, वाडग्यात ठिवा. शेरडांत. तिथं ऊब असती."

आमचं वाडगं घराला लागूनच आहे. एका बाजूला स्वयंपाकघराची भिंत, बाकी तिन्हीकडं रचलेले दगड आणि वर काटे. रात्री शेळ्या तिथं बसतात.

"दोगांनीच खंदलं," आत्याबाई म्हणाल्या. "खोल. वर धोंडा ठिवला, मग माती. गावाला काय सांगायचं? गाव म्हनलं आसतं, घराशी मढं ठिवलं. म्हनून कुनाला बोललाव न्हाय. तुज्या नवऱ्याला बी न्हाय. त्याच्या पोटात काय ऱ्हातंय व्हय!"

"मला तरी सांगायचं होतं," मी म्हणाले.

"आईला दावू नये म्हनत्यात. आई मग तिथनं उठत न्हाय. म्हनून दावलं न्हाय." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "पर लांब बी ठिवलं न्हाय, बाई. सोनारीच्या भैरुबाची आन."

मी विचारलं, पूर आला तेव्हा? त्या म्हणाल्या, तेव्हा त्यांनी स्वतः जाऊन बघितलं होतं. पाणी पार खाली होतं, वाडग्याच्या आसपासही आलं नव्हतं.

मग मला एकेक आठवायला लागलं. लग्न झाल्यापासून घरातली कुठलीही कामं आत्याबाई मला माफ करायच्या. शाळेची घाई असेल तर भाकऱ्या त्या थापायच्या, धुणं त्या धुवायच्या. पण बाळंतपण करून, रिकाम्या ओटीनं मी परत आले त्या महिन्यापासून वाडगं लोटायचं, म्हणजे झाडून काढायचं काम माझ्याकडं आलं, आणि ते कधी सुटलं नाही. ताप असो, परीक्षेचे पेपर तपासायचे असोत, सकाळी वाडगं मीच लोटायचं. मी माहेरी जाऊन रडगाणं गायले आहे, की शिकलेल्या सुनेला मुद्दाम लेंड्या लोटायला लावतात, माझा पगार त्यांच्या डोळ्यांत खुपतो. आईनंही मला दुजोरा दिला होता.

"तुमी मला वाडगं लोटायला..." मी आमच्या बोलीवर आले.

"व्हय," त्या म्हणाल्या. "म्या हितनं बगायची. म्हनायची, जा, लेकराला भेटून आली त्येची आई."

मी त्यांच्या मांडीवर डोकं ठेवलं. ज्वारी सांडली, त्यांनी ती आवरली नाही. मी रडले, पण गच्चीवर रडले होते तसं नाही. हे रडणं वेगळंच होतं, मोकळं, हलकं. गेलं नव्हतं ते! सीनेनं नेलं नव्हतं. पुलावरून मी इतकी वर्षं रिकाम्या बाभळींकडं बघत होते आणि ते इथं, माझ्या चुलीच्या भिंतीपलीकडं, शेळ्यांच्या कळपात निजलेलं. मला फार हायसं वाटलं. किती तरी वेळ मी नुसती "बरं केलं, बरं केलं" एवढंच म्हणत होते.

"ऊठ," शेवटी आत्याबाई म्हणाल्या. "आता कळलंच हाय तर दावते. नियम मोडला तो मोडला."

रानात चिखल होता म्हणून त्या दिवशी शेळ्या सोडल्या नव्हत्या, वाडग्यातच होत्या. आत्याबाई आत शिरल्या आणि त्यांनी हनुवटीनं दाखवलं. भिंतीकडचा कोपरा, स्वयंपाकघराला लागून. तिथं एक गाभण शेळी पाय दुमडून रवंथ करत बसली होती. आत्याबाईंनी तिला थाप मारून उठवलं. शेळी नाइलाजानं उठली आणि बाजूला जाऊन आमच्याकडं बघत राहिली.

मी खाली बसले आणि तिथं तळहात ठेवला. लेंड्या, पाल्याचा चुरा, दाबून दाबून घट्ट झालेली माती. शेळी आत्ताच उठली होती, जमीन चांगली गरम होती.

मी हात काढला आणि आत्याबाईंना म्हणाले, "तिला परत बसू द्या."